पट्टीवरची घरं: लहान मुलांना लांबी मोजायला आणि ताडून पाहायला शिकवताना

तिसरीतल्या मुलाला पेन्सिल मोजायला सांगा. बरीच मुलं पेन्सिलीचं एक टोक पट्टीवरच्या १ वर ठेवतात आणि दुसरं टोक ९ वर आलं की "९ सेंटीमीटर" सांगून मोकळी होतात. काही मुलं पट्टीच्या अगदी कडेपासून मोजतात, म्हणजे शून्याच्या आधी सोडलेली कोरी जागाही धरतात. आपण म्हणतो, "अरे, शून्यावर ठेव." मूल शून्यावर ठेवतं, उत्तर बरोबर येतं, आपण पुढच्या धड्याकडे वळतो. मुलाचा गोंधळ मात्र तसाच राहतो, कारण गोट्या मोजताना, पोळ्या मोजताना आपणच त्याला १ पासून सुरुवात करायला शिकवलेलं असतं. इथं शून्य कुठून आलं, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

गोट्या सुट्या असतात, लांबी अखंड असते. म्हणून पट्टीवर मोजायच्या त्या दोन रेघांमधल्या जागा. त्यांना मी मुलांसमोर 'घरं' म्हणते. १ सेंटीमीटर म्हणजे एक घर. रेघ फक्त घर कुठं संपलं ते दाखवते. एवढं मुलाला उमगलं की शून्यापासून का मोजायचं हे वेगळं समजवावं लागत नाही, आणि पट्टी मधूनच तुटलेली असली तरी त्याचं अडत नाही. पुढचं सगळं त्या उमजेपर्यंत पोचण्यासाठी आहे. सामान जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या कुठल्याही घरात किंवा शाळेत सापडेल असंच घेतलं आहे.

हे एका आठवड्याचं काम नाही. पहिलीत वीत-पाऊल, दुसरीत काडी-पेन्सिल-दोरी, तिसरीत सेंटीमीटर-मीटर असा क्रम शाळेच्या अध्ययन निष्पत्तींमध्येही (कोणत्या इयत्तेत मुलाला काय यायला हवं, त्या यादीत) आहे आणि तो विचारपूर्वक लावलेला आहे. पट्टी पहिल्या दिवशीच द्यावी असं म्हणणारेही आहेत. मुलानं पट्टी हातात घेतली, रेघा ओढल्या तर काहीच बिघडत नाही. फक्त तिच्यावरचा आकडा त्याला एवढ्यात विचारू नये, असं माझं ठाम मत आहे.

'मोठं' म्हणजे कशानं मोठं?

सुरुवात वांग्यांपासून करा. भरताच्या हंगामात बाजारातून दोन वांगी मुद्दाम निवडून आणा: एक लांबट, दुसरं आखूड पण गरगरीत. मुलाला विचारा, "यातलं मोठं कोणतं?" उत्तरं दोन्ही बाजूंनी येतील. दोन्हीही बरोबर आहेत. आता विचारा, "कशानं मोठं?" इथं लांब-आखूड, जाड-बारीक, उंच-ठेंगणं, रुंद-अरुंद हे शब्द कामाला येतात. 'मोठं-लहान' या एकाच जोडीत मुलं सगळं कोंबतात, आणि लांबी वेगळी दिसेपर्यंत ती मोजण्यात अर्थ नाही.

मूल घरी अहिराणी बोलत असेल आणि "कितलं लांब शे?" असं विचारत असेल, तर तसंच विचारू द्या. सातपुड्याच्या पाड्यांवर पावरी, भिली बोलणाऱ्या मुलांनाही हे काम आधी त्यांच्याच बोलीत करू द्यावं. मराठी शब्द चार-सहा दिवसांत आपोआप सोबत येतात. या टप्प्यावर भाषेसाठी अडवून ठेवलं तर मूल गप्प होतं, आणि त्याला काय दिसतंय ते आपल्याला कळतच नाही.

टोकाला टोक

तुराट्या घ्या, म्हणजे तूर काढल्यावर उरलेल्या वाळक्या काड्या. पऱ्हाट्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्याही चालतात, पण त्यांना फांद्या फार असतात, सोलून-तासून घ्याव्या लागतात. हातभर लांबीच्या दोन काड्या निवडा, फरक बोटभरच असू द्या. मुलाला लांब काडी ओळखायला सांगा. ते काड्या जवळजवळ धरील, पण खालची टोकं जुळवीलच असं नाही. तेव्हा दोन्ही काड्या फरशीवर उभ्या करायला सांगा. जमीन आपोआप दोघींची सुरुवात एक करते. मग त्याच काड्या आडव्या ठेवून भिंतीला किंवा वहीच्या कडेला टेकवा.

आता खरी कसोटी. अगदी सारख्या लांबीच्या दोन काड्या शेजारी ठेवा. मुलाला त्या सारख्या असल्याची खात्री करून घेऊ द्या. मग त्याच्या डोळ्यांदेखत एक काडी चार बोटं पुढं सरकवा आणि विचारा, "आता?" पाच-सहा वर्षांची कितीतरी मुलं "ही लांब झाली" म्हणतात, कारण त्यांचं लक्ष फक्त पुढं गेलेल्या टोकाकडे असतं, मागं सुटलेल्या टोकाकडे नसतं. इथं "चूक" म्हणू नका. काडी त्यालाच मागं सरकवू द्या, पुन्हा पुढं नेऊ द्या. तेच सुतळीबाबत: एक तुकडा ताणून ठेवा, तेवढाच दुसरा नागमोडी ठेवा. मूल स्वतः ओढून सरळ करून पाहतं तेव्हा जे कळतं ते आपल्या सांगण्यानं कळत नाही. काही मुलांना हे एका बैठकीत समजतं, काहींना दोन-तीन महिने लागतात. लागू द्या.

दोनाच्या तीन काड्या झाल्या की क्रम लावायला सांगा. पाचापर्यंत गेलात तरी पुरे.

दोरी मध्ये आली

ज्या वस्तू एकमेकींजवळ आणता येत नाहीत त्यांचं काय? उन्हाळ्यात धाब्यावर (घराच्या सपाट छतावर) किंवा अंगणात झोपायला खाट बाहेर काढतातच. काढण्याआधी मुलाला विचारा, "खाट तिरपी न करता, आहे तशी सरळ या दारातून निघेल का?" खाट दारापर्यंत नेऊन पाहू नका. सुतळी द्या. ते सुतळी खाटेच्या रुंदीवर धरील, दोन्ही टोकं चिमटीत पकडील आणि दाराशी नेईल. मग खाट ओढून खरंखोटं करा.

खेळ छोटा दिसतो, पण खाटेची लांबी दोरीनं उचलून दाराशी नेली, हे मोजण्याच्या मुळाशी असलेलं काम आहे. पट्टीही पुढं हेच करते. मूल वाटेत सुतळी सैल सोडतं किंवा चिमूट सरकते, तेव्हा गाठ मारून खूण करायची युक्ती त्यालाच सुचू द्या. नाहीच सुचली तर दाखवा.

वीत, हात, पाऊल

घरात आजी-आजोबा असतील तर हा टप्पा त्यांच्या हवाली करा. वीत म्हणजे ताणलेल्या पंज्यात अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. विहिरीची खोली सांगायला परस. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) झोक्याचा दोर असो की गोधडीची लांबी, जुनी माणसं अजूनही या मापांत बोलतात. नऊवारीतला 'वार' हेही मापच, तीन फुटांचा एक वार.

एकच टेबल आजोबांना आणि नातवाला विती टाकून मोजायला सांगा. आजोबांच्या ५ झाल्या तर नातवाच्या ७-८ होतील. "मग टेबल कुणासाठी लांब आहे?" हा प्रश्न मुलांना हसवतो, पण त्यावर खरंच बोलू द्या. दोन गोष्टी हाती लागायला हव्यात. माप मोठं असेल तर आकडा लहान येतो, ही पहिली, आणि ती मुलांना बराच काळ उलटीच वाटते. दुसरी, नुसतं "७" सांगून भागत नाही, कशाचे ७ ते सांगावं लागतं. पुढं सेंटीमीटर, इंच लिहायला विसरणाऱ्या मुलांची अडचण बहुधा इथंच राहून गेलेली असते.

सारखे तुकडे, फट न ठेवता

आता वस्तूच्या लांबीवर एकसारखे तुकडे मांडायचे. आधी मुद्दाम चिंचोके द्या. वहीच्या एका कडेवर चिंचोक्यांची रांग लावा, एक जण १८ म्हणेल, दुसरा २१. चिंचोके लहान-मोठे असतात हे मुलंच शोधून काढतात. मग पुठ्ठ्याचे एकसारखे तुकडे किंवा आइस्क्रीमच्या काड्या द्या.

इथं मुलांच्या दोन सवयी दिसतील. तुकड्यांत फटी सोडणं, किंवा एकावर एक चढवणं. दोन्हींत आकडा बदलतो. फटी ठेवून मांडलेली आणि चिकटून मांडलेली अशा दोन रांगा एकाच काठीशेजारी लावून दाखवा आणि दोन वेगळी उत्तरं का आली ते मुलांनाच सांगू द्या.

नंतर एकच तुकडा हाती ठेवा. तोच उचलून पुढं पुढं ठेवत मोजायचं. हे अवघड जातं, कारण तुकडा उचलला की तो कुठं संपला होता ते विसरायला होतं. बोट ठेवायला किंवा खडूची खूण करायला शिकवा. त्या खडूच्या खुणाच पुढं पट्टीवर रेघा होऊन भेटणार आहेत.

स्वतःची पट्टी

बाकी काही गाळावं लागलं तरी हे गाळू नका. लग्नसराईनंतर घरोघरी पत्रिकांचा ढीग पडलेला असतो. जाड पत्रिकेतून १२-१५ सेंटीमीटर लांब आणि तीन बोटं रुंद पट्ट्या कापा. दोन रंगांच्या घोटीव कागदाचे १ सेंटीमीटरचे चौकोन कापून ठेवा. हे कापणं मोठ्यांनीच करावं, आणि मन लावून करावं: प्रत्येक चौकोन १ मिलिमीटरनं मोठा झाला तर १० चौकोनांत अख्ख्या १ सेंटीमीटरचा फरक पडतो. चौकटीची वही वापरणार असाल तर तिची चौकट किती सेंटीमीटरची आहे ते आधी तपासा, सगळ्या वह्यांत ती सारखी नसते.

मूल पुठ्ठ्याच्या अगदी डाव्या कडेपासून एक लाल, एक पिवळा असे चौकोन चिकटवत जाईल. फट नाही, चढवाचढव नाही, हे त्याला आधीच माहीत आहे. झाली पट्टी. अजून तिच्यावर एकही आकडा नाही, आणि दोन-तीन दिवस तो असूही नये. या पट्टीनं खोडरबर, खडू, चमचा मोजू द्या. प्रत्येक वेळी घरं मोजायची: "खोडरबर ४ घरं."

दर वेळी एकेक घर मोजण्याचा मुलांना कंटाळा येतो. तो येऊ द्या. मग विचारा, "दर वेळी मोजावं लागू नये म्हणून काय करता येईल?" आकडे लिहायची कल्पना बहुतेक त्यांच्याकडूनच येते. आता १ कुठं लिहायचा? काही जण पहिल्या घराच्या मध्यभागी लिहितात. तसं लिहिलं तर वस्तू घराच्या अर्ध्यावर संपली की काय म्हणायचं, हा वाद होऊ द्या. मग प्रश्न असा विचारा: "इथपर्यंत किती घरं पूर्ण झाली?" पहिलं घर जिथं संपतं त्या रेघेवर १. दुसरं संपतं तिथं २. शेवटी बोट अगदी डाव्या कडेवर ठेवा: "आणि इथं? इथपर्यंत किती घरं झाली?" एकही नाही. शून्य.

हे शून्य मुलानं स्वतः लिहिलेलं असतं, म्हणून ते टिकतं. आता त्याची पट्टी दुकानातल्या पट्टीशेजारी, शून्याला शून्य जुळवून ठेवा. सगळ्या रेघा जुळलेल्या पाहून मुलं किती आनंदतात ते पाहण्यासारखं असतं.

दुकानातली पट्टी

कंपासपेटीत येते ती बहुधा १५ सेंटीमीटरची, मोठी ३० ची. पारदर्शक प्लास्टिकची घ्या, खालची वस्तू दिसते. पट्टीच्या एका कडेला सेंटीमीटर आणि दुसऱ्या कडेला इंच असतील तर इंचाची कड कागदी चिकटपट्टीनं झाकून टाका. आपल्याकडे रोजच्या बोलण्यात फूट-इंच अजून जिवंत आहेत आणि पुढं त्यांची ओळख करून द्यायचीच आहे, पण आत्ता दोन्ही एकदम नकोत.

मुलाला पट्टी नीट न्याहाळू द्या. स्वतःच्या पट्टीत आणि हिच्यात काय वेगळं आहे? शून्याच्या आधीची कोरी जागा इथंच दाखवा. कड झिजली, तुटली तरी शून्याची रेघ शाबूत राहावी म्हणून ती असते. शाळेतल्या जुन्या लाकडी पट्ट्यांमध्ये ती जागा कधी कधी नसते आणि टोक झिजलेलं असतं. अशा पट्टीवर १ पासून मोजून शेवटच्या आकड्यातून १ वजा करावा.

धरायची पद्धत एकदाच, पण नीट दाखवा. पट्टी वस्तूला चिकटलेली आणि समांतर हवी. डाव्या हाताची बोटं पट्टीच्या मध्यावर दाबायची, टोकावर दाबली तर ती फिरते. आकडा वाचताना डोळा बरोबर वरून हवा. बाजूनं पाहिलं की रेघ सरकलेली दिसते. रेघ आखताना मुलांचं बोट पट्टीच्या कडेबाहेर येतं आणि रेघेत टेकाड उमटतं, सवयीनं जातं.

पहिल्या वस्तू बरोबर पूर्ण सेंटीमीटरमध्ये बसणाऱ्या द्या. त्यासाठी ५, ८, ११ सेंटीमीटरच्या कागदी पट्ट्या कापून ठेवा. मग खऱ्या वस्तूंकडे वळा, त्या कधीच आकड्यावर नेमक्या संपत नाहीत. "७ पेक्षा जास्त, ८ पेक्षा कमी. कुणाच्या जवळ?" एवढं दुसरीच्या शेवटी-तिसरीच्या सुरुवातीला पुरेसं आहे. पुढं "साडेसात". मिलिमीटरची घाई करू नका, त्या बारीक रेघा मोजताना मुलं पुन्हा रेघांत अडकतात.

तुटलेली पट्टी फेकू नका

दप्तरात पट्ट्या तुटतातच. ३ पासून पुढचा तुकडा उरला असेल तर तो फार कामाचा आहे. मुलाला तो द्या आणि काडी मोजायला सांगा. काडी ३ वर सुरू होऊन ११ वर संपली. "११" असं उत्तर आलं तर मूल अजून टोकाचा आकडा वाचतंय. "९" आलं तर ते रेघा मोजतंय: ३, ४, ५ करत ११ पर्यंत ९ रेघा होतात. "८" आलं तर त्याला घरं दिसू लागली आहेत. एका प्रश्नात तीन वेगळ्या अवस्था उघड होतात, म्हणून मला हा प्रश्न सगळ्या चाचण्यांपेक्षा उपयोगी वाटतो. चुकलेल्या मुलाला नियम सांगू नका, घरांवर बोट ठेवून मोजायला लावा. ११ वजा ३ ही युक्ती नंतर त्याची त्यालाच सापडते.

कितीनं लांब?

"कोणती लांब" हे मुलं सहज सांगतात. "कितीनं लांब" म्हटलं की गडबडतात, आणि बहुतेक वेळा लांब वस्तूची पूर्ण लांबीच सांगतात. नवी पेन्सिल आणि वापरून आखूड झालेली पेन्सिल टोकाला टोक लावून ठेवा. नवीचा जो भाग पुढं आला तेवढ्यावर बोट फिरवा: "फक्त हा तुकडा मोज." मग दोन्ही पेन्सिली वेगवेगळ्या मोजून वजाबाकी करू द्या. दोन वाटांनी एकच उत्तर आलं की वजाबाकीलाही अर्थ येतो. थोड्या मोठ्या मुलांना विचारा, १० सेंटीमीटरची काडी लांब की ६ इंचाची? १० मोठे म्हणून फसणारे असतात. ६ इंच म्हणजे १५ सेंटीमीटरहून थोडे जास्त. आता इंचाच्या कडेवरची चिकटपट्टी काढायला हरकत नाही.

केळं, रोप आणि शेत

आपल्या भागातली सगळ्यात सोपी सापडणारी वाकडी वस्तू म्हणजे केळं. ते पट्टीनं कसं मोजायचं? पट्टी सरळ धरली तर एक आकडा येतो, पाठीवरून दोरी फिरवून ती दोरी पट्टीवर ताणली तर त्याहून मोठा येतो. दोन्ही मोजू द्या आणि विचारा, केळ्याची लांबी कोणती म्हणायची? व्यापारात याचं उत्तर ठरलेलं आहे. युरोपात विकायच्या केळ्यांची लांबी बाहेरच्या फुगीर बाजूवरून मोजतात आणि ती किमान १४ सेंटीमीटर लागते. रावेर-यावलच्या मुलांना घरच्या घडातली किती केळी या मापात बसतात ते मोजायला फार आवडतं.

पावसाळ्यात डब्यात मूग पेरा आणि दर आठवड्याला रोपाची उंची मोजून भिंतीवरच्या कागदावर लिहा. दुकानातली पट्टी मातीवर टेकवली की कोरी जागा उंचीत शिरते आणि आकडा कमी येतो. मुलानं केलेली पट्टी कडेपासूनच सुरू होते, म्हणून इथं तीच वापरायची. असं का, हे मूल सांगू शकलं तर त्याला शून्य कळलं.

मीटरसाठी सरळ बांबूची काठी कापा, तीवर दर १० सेंटीमीटरला रंगाचा पट्टा द्या. १०० सेंटीमीटर एकदा तरी मुलांनी मोजून पाहावेत. शिंप्याची टेपही चांगली, ती बहुधा १५० सेंटीमीटरची असते. केळीच्या बागेत दोन झाडांमध्ये साधारण दीड मीटर अंतर ठेवतात. एका काठीत ते मावत नाही आणि दोन काठ्यांना पुरत नाही, त्यामुळे अर्धा मीटर आपोआप बोलण्यात येतो. काहींकडे ५ बाय ५ फूट लागवड असते, तेही जवळपास तेवढंच. शेतात मोजायला नेताना ठिबकच्या नळ्यांवर पाय पडणार नाही एवढं आधी बजावून ठेवा.

आधी अंदाज, मग माप

पट्टी वापरता येऊ लागली की प्रत्येक मोजणीआधी अंदाज लिहायचा नियम करा. अंदाजासाठी मुलाकडे स्वतःची मापं हवीत: करंगळीची रुंदी साधारण १ सेंटीमीटर, आपली वीत अमुक सेंटीमीटर, जमिनीपासून आपल्या कमरेपर्यंत अमुक. ती वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि जून व जानेवारीत पुन्हा मोजा, कारण वीत वाढते. चुकलेला अंदाज खोडू देऊ नका. शेजारी खरं माप लिहू द्या.

दोन शिक्षकी शाळेत सगळे वर्ग एकत्र असतील तर तिसरी-चौथीची मुलं मोजतील, दुसरीची दोरी धरतील, पहिलीची काड्यांचा क्रम लावतील. काड्यांचा एकच ढीग सगळ्यांना पुरतो.

कुठं अडलंय ते पाहायचं असेल तर अधूनमधून तीन प्रश्न विचारा. सरकवलेल्या काडीपुढं मूल अजून "लांब झाली" म्हणत असेल तर तुराट्यांकडे परत जा. एकच बाक दोघांनी वितींनी मोजला तर आकडे वेगळे का आले, हे सांगता येत नसेल तर विती आणि चिंचोक्यांकडे. आणि तुटक्या पट्टीवर ९ म्हणत असेल तर पत्रिकेचा पुठ्ठा, लाल-पिवळे चौकोन पुन्हा काढा, आणि या वेळी आकडे लिहिण्याआधी आणखी काही दिवस जाऊ द्या.